ऑटोइन्फ्लमेटरी आजाराला ‘स्वयंप्रतिकार’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: ‘ऑटोइम्यून’साठी ‘स्वयंप्रतिकार’ हा शब्द आहे, तोच ‘ऑटोइन्फ्लमेटरी’ला चालेल का? आणि ‘इन्फ्लमेशन’ म्हणजे सूज की दाह?

आधी दुसऱ्याचं उत्तर, कारण पहिलं त्यावरच उभं आहे. माझं मत ‘दाह’ला. हृदय थकलं की पावलं सुजतात, बोटानं दाबलं तर खळगा पडतो; तिथे पाणी साठलेलं असतं, इन्फ्लमेशन असेलच असं नाही. उलट ताप, लाली, ठणका हे सगळं असूनही सूज डोळ्यांना दिसत नाही, असंही होतं. ‘शोथ’ शब्द वैद्यकीय लेखनात रुळलेला आहे, ‘संधिशोथ’ला माझी हरकतही नाही, पण त्याचा मूळ अर्थ सूजच.

आता पहिला प्रश्न. तोच शब्द वापरू नये. ऱ्हुमॅटॉइड संधिवातासारख्या ऑटोइम्यून आजारात शरीराच्याच घटकांना परकं समजणाऱ्या लिम्फोसाइट पेशी आणि अँटिबॉडी असतात. ‘ऑटोइन्फ्लमेटरी’ हा शब्द १९९९ मध्ये आला, तोच मुळी हे नसलेल्या आजारांना वेगळं काढण्यासाठी. इथे बिघाड जन्मजात प्रतिकारशक्तीत असतो, कधी तर एकाच प्रथिनात.

एनएलआरपी-३ हे असं एक प्रथिन. क्रायोपायरिन हे त्याचंच दुसरं नाव. ते मॅक्रोफेजसारख्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशींच्या आत असतं. जंतूंच्या विषानं किंवा युरिक ॲसिडच्या स्फटिकांनी पेशीला इजा झाली, आतलं पोटॅशियम बाहेर जाऊ लागलं, की ते जागं होतं आणि इतर प्रथिनांना जोडून घेऊन एक मोठा संच उभा करतं. २००२ मध्ये या संचाला ‘इन्फ्लमासोम’ नाव मिळालं. त्यातलं कॅस्पेज-१ हे विकर (एन्झाइम) दोन गोष्टी कापतं. एक, इंटरल्युकिन-१ बीटा या दाहाचा निरोप पोचवणाऱ्या प्रथिनाचं निष्क्रिय रूप. कापलं की ते सक्रिय होतं. दोन, गॅसडर्मिन-डी हे प्रथिन, त्याचे तुकडे पेशीच्या आवरणाला छिद्रं पाडतात आणि त्यांतून इंटरल्युकिन बाहेर पडतं. मग ताप चढतो, यकृत सीआरपी हे रक्ततपासणीत दाह दाखवणारं प्रथिन तयार करू लागतं, सांधे दुखतात.

एनएलआरपी-३च्या जनुकात विशिष्ट बदल असेल, तर हा संच क्षुल्लक कारणानं किंवा कारणाशिवायही उभा राहतो. अशा बदलातून होणाऱ्या एका आजारात नुसता गारठा लागला तरी काही तासांत अंगावर पित्त उठल्यासारखं पुरळ, ताप, लाल डोळे, सांधेदुखी सुरू होते. इंटरल्युकिन-१ला अडवणाऱ्या ॲनाकिन्रा किंवा कॅनाकिनुमॅब या औषधांनी हे बहुतेकांत आटोक्यात येतं, यावरूनही मूळ कुठे आहे ते कळतं.

जन्मजात प्रतिकारशक्तीही प्रतिकारशक्तीच ना, हा आक्षेप रास्त आहे. पण ‘स्वयंप्रतिकार’ म्हटलं की वाचणारा अँटिबॉडीच्या तपासण्यांकडे वळतो, आणि त्या निगेटिव्ह आल्या की आजारच नाही असं समजतो. वर्षानुवर्षं तापानं बेजार झालेल्या माणसाला ही गल्लत फार महाग पडते.

म्हणून मी ‘स्वयंदाही आजार’ लिहीन. ‘स्वयंदाहक’ नको, ‘दाहक’ म्हटलं की ॲसिड आठवतं. शब्द नवा आहे तोवर पहिल्या उल्लेखात शेजारी ‘ऑटोइन्फ्लमेटरी’ जरूर द्यावं. डॉक्टरांच्या कागदावर रुग्णाला तेच दिसणार आहे.