प्रोफेशनल रेसलिंगच्या इतिहासातला फारसा कोणाला माहीत नसलेला किस्सा कोणता?

असं विचारलं की बहुतेक जण १९९७ चं मॉन्ट्रियल सांगतात, चॅम्पियन ब्रेट हार्टला अंधारात ठेवून त्याचा किताबाचा बेल्ट शॉन मायकल्सला दिला ते. भारीच आहे तो किस्सा पण आता तो सगळ्यांना पाठ झालाय. मी त्याच्या ७२ वर्षं आधीचा सांगतो, माझ्या मते त्याहून कितीतरी मोठा, कारण मॉन्ट्रियलमध्ये दगा प्रमोटरने, म्हणजे कुस्त्या भरवणाऱ्याने, दिला होता आणि इथे एका म्हाताऱ्या पैलवानाने प्रमोटरलाच चितपट केलं.

त्या पैलवानाचं नाव स्टॅनिस्लॉस झ्बिश्को, मूळचा पोलंडचा. गामाची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांनी हे नाव ऐकलं असेल, तो किस्सा पुढे येतोच.

१९२० च्या दशकात अमेरिकेत या धंद्याच्या नाड्या तिघांच्या हातात होत्या, एड 'स्ट्रँगलर' लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँड. पुढे यांना गोल्ड डस्ट ट्रायो म्हणायला लागले. त्याआधी कुस्त्या कशा चालायच्या बघा, १९१६ मध्ये ओमाहाला लुईस आणि जो स्टेकर पाचेक तास एकमेकांना धरून होते आणि शेवटी बरोबरी. एवढा वेळ उन्हात बसून निकाल नाही म्हटल्यावर माणूस पुन्हा तिकीट का काढेल? तर या तिघांनी वेळेची मर्यादा आणली, उचल-आपट वाढवली, पैलवानांचा एक ताफाच बांधला आणि गावोगावी शो लावले, कोण जिंकणार ते अर्थात आधीच ठरलेलं. म्हणजे आज टीव्हीवर दिसतं ते बरंचसं यांच्यापासून सुरू झालं.

मग त्यांच्या डोक्यात एक आयडिया आली. वेन मन नावाचा नेब्रास्का युनिव्हर्सिटीचा फुटबॉलपटू होता, साडेसहा फुटांच्या आसपास उंची, अंगाने दणकट, पण कुस्ती म्हणाल तर येत नव्हती. ८ जानेवारी १९२५ ला कॅन्सस सिटीत तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन लुईस त्याच्याकडून ठरवून हरला, त्या मॅचमध्ये मनने त्याला रिंगबाहेर फेकलं वगैरे, लोक खुळे झाले. हिशोब सोपा होता, थोडे महिने या धिप्पाड चॅम्पियनच्या नावावर गर्दी ओढायची आणि मग लुईसने मोठ्या मॅचमध्ये किताब परत घ्यायचा. तोपर्यंत मन खरा वाटला पाहिजे, म्हणून त्याला नावाजलेल्या पैलवानांवर विजय मिळवून द्यायचे.

१५ एप्रिल १९२५, फिलाडेल्फिया. समोर झ्बिश्को, वयाची चाळिशी कधीच ओलांडलेली, त्याने हरायचं ठरलेलं. पण तो तोपर्यंत विरोधी गटाला, म्हणजे स्टेकरच्या लोकांना जाऊन मिळाला होता आणि याची लुईस-सँडो-माँडला गंधवार्ता नव्हती. मॅच सुरू झाली आणि झ्बिश्को खरी कुस्ती खेळायला लागला. नुरा कुस्ती म्हणून आलेल्या मनला काही सुधरेना, समोरचा खाली ओढतोय, पाठ टेकवतोय, उठला की परत तेच. सांगतात की रेफ्रीने आधी दुर्लक्ष करून बघितलं, पण खांदे इतके उघड उघड मॅटला लागत होते आणि एवढं पब्लिक बघत होतं की मन हरला असं जाहीर करण्यावाचून त्याला पर्याय राहिला नाही. किताब गेला. आणि तक्रार तरी कोणाकडे करणार? 'याने हरायचं ठरलं होतं' असं तोंडाने म्हटलं की अख्खा धंदाच उघडा पडतो. मला या किस्स्यातली हीच गोष्ट सगळ्यात जबरदस्त वाटते, की खोट्या खेळात कोणी खरं खेळला तर त्याला अडवायला कुठलाच नियम नाही.

झ्बिश्कोने ३० मे ला सेंट लुईसमध्ये तो किताब स्टेकरला देऊन टाकला, आणि त्याच दिवशी लुईसने मनला दुसरीकडे हरवून आपणच चॅम्पियन असल्याचं जाहीर केलं. झाले दोन वर्ल्ड चॅम्पियन! हा घोळ १९२८ मध्ये लुईसने स्टेकरला हरवलं तेव्हा मिटला. बिचारा मन १९३१ मध्ये वारलासुद्धा, चाळिशीही गाठली नाही त्याने.

यातून प्रमोटर लोकांनी घ्यायचा तो धडा घेतला. बेल्ट अशाच्या कमरेला बांधायचा ज्याला वेळ पडली तर तो खरोखर वाचवता येईल. १९४९ पासून एनडब्ल्यूएने, म्हणजे प्रमोटर लोकांच्या संघटनेने, लू थेझ या पैलवानावर एवढी वर्षं भरवसा टाकला त्यात हा भाग मोठा होता, त्याच्याशी रिंगमध्ये दगाबाजी करायची हिंमत कोण करणार!

आता गामा. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये गामाशी लढला तो हाच झ्बिश्को. गामाने त्याला सुरुवातीलाच खाली घेतलं आणि हा अडीच तास पोटावर पडून राहिला, पाठ काही लागू दिली नाही, शेवटी बरोबरी. पुढच्या शनिवारी परत कुस्ती ठेवली तर हा आलाच नाही आणि विजेत्यासाठी ठेवलेला जॉन बुल बेल्ट गामाला मिळाला. लोक या एका प्रसंगावरून त्याला भित्रा ठरवून मोकळे होतात ते मला अजिबात पटत नाही, कारण १९२८ मध्ये हाच माणूस, पन्नाशीला टेकलेला, पतियाळाला जाऊन हजारो लोकांसमोर गामापुढे उभा राहिला. मिनिटभरही टिकला नाही तो भाग वेगळा, पण गेला ना!

अजून एक. १९५० च्या 'नाइट अँड द सिटी' या सिनेमात ग्रेगोरियस नावाचा म्हातारा पैलवान आहे, दिखाऊ कुस्तीचा मनापासून राग असलेला, ते काम झ्बिश्कोने स्वतः केलंय. समोर माइक मझुर्की, तोही मुळात पैलवानच, त्यामुळे त्यांची झटापट बघताना पकड खरी वाटते, सत्तरीतला म्हातारा समोरच्याला कवेत घेऊन आवळतो तेव्हा खरंच छातीत धस्स होतं. पुढे मिसुरीतल्या आपल्या शेतावर झ्बिश्कोने आणि त्याचा भाऊ व्लादेकने एका पोराला कुस्ती शिकवली, तो पोरगा म्हणजे हार्ली रेस, ज्याने १९७३ मध्ये पहिल्यांदा एनडब्ल्यूएचा वर्ल्ड टायटल जिंकला आणि नंतर पुन्हा पुन्हा जिंकत राहिला. रेसच्या जुन्या मॅचेस सापडल्या तर जरूर बघा, मॅटवर खाली गेल्यावर तो हात कुठे आणि कसा अडकवतो तिकडे नीट लक्ष द्या.