नशिबाला तुझा पत्ता कळू दे

प्रिय लेकरा,
अनेक आशीर्वाद.

राज्यसेवेच्या यादीत तुझं नाव थोडक्यात राहिलं, आणि तू लिहितोस, "सर, माझं नशीबच फुटकं." दुःख कर, त्याला माझी ना नाही. पण हे वाक्य मनात घर करून बसलं, तर पुढे दाराशी आलेलं चांगलंही तुला दिसायचं नाही.

हे उगाच म्हणत नाही. ब्रिटनमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन यांनी स्वतःला नशीबवान आणि कमनशिबी समजणाऱ्या लोकांना एक वर्तमानपत्र देऊन त्यातले फोटो मोजायला सांगितले. दुसऱ्याच पानावर मोठ्या ठळक अक्षरांत छापलं होतं, की मोजणं थांबवा, यात ४३ फोटो आहेत. नशीबवान म्हणवणाऱ्यांच्या नजरेत ते चटकन भरलं. कमनशिबी म्हणवणारे बहुतेक जण फोटोच मोजत राहिले. मन ताणलेलं असलं की नजर आखडते. तूही सध्या जाहिरातीतल्या जागाच मोजतोयस.

लातूरच्या आडत बाजारातलं एक सांगतो. माझ्याकडे येणारा एक मुलगा, तुझ्यासारखाच बीएस्सी अ‍ॅग्री झालेला, चुलत्याबरोबर सोयाबीन घेऊन गेला होता. ओलावा जास्त म्हणून भाव पाडला. चुलते चिडले, आणि चिडणारच. हमीभावाला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो हे पोराला पुस्तकातून ठाऊक होतं, पण ओलावा मोजायचा मीटर कधी हाताळला नव्हता. त्याने मूठभर दाणे घेऊन मापाड्याला विचारलं, "दादा, हे कसं बघता? मला दाखवता का?" दोघं मीटरवर वाकलेले असताना शेजारच्या ढिगावर एका शेतकरी उत्पादक कंपनीचे गृहस्थ उभे होते. त्यांनी चौकशी केली, नंबर घेतला. आज तो मुलगा त्यांची खरेदी सांभाळतो. चुलत्यांना त्या दिवशी भाव काही वाढवून मिळाला नाही, तेही खरं.

अशी कामं बहुधा दूरच्या ओळखीतून येतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच दाखवलं. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी सहांत जेमतेम एकाची ती ओळख नेहमीच्या भेटीगाठीतली होती. तुझ्या खोलीतल्या मित्रांना तुझ्याइतकंच माहीत असतं, रे. म्हणून एसटीत शेजारी बसलेल्याशी बोल. लग्नाचं आमंत्रण अभ्यासाच्या नावाखाली टाळू नकोस. तुला काय येतं, काय शिकायचंय, ते लोकांना मोकळेपणाने सांग. त्यात कसला आलाय कमीपणा?

एक मात्र लक्षात ठेव. आशावादाच्या नावाखाली कुणाच्या दुष्काळाला त्याचं मन जबाबदार धरू नकोस. गारपिटीला कुणाचा स्वभाव कारण नसतो. मला अभिप्रेत असलेली आशा पाहायची तर जालन्याजवळच्या कडवंचीला जा. पाऊस तिथेही बेभरवशाचाच. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने गावाने पाणलोटाची कामं केली, बांधबंदिस्ती केली, पुढे शेततळी खोदली, आणि आज ते द्राक्षांचं गाव म्हणून ओळखलं जातं. पाऊस येईल असं धरून त्यांनी आधीच खोदून ठेवलं होतं. उन्हातान्हात, पाण्याचा टिपूस नसताना खोदायला माणसाला केवढी उमेद लागत असेल!

अभ्यास सोडू नकोस, पण आठवड्यातला एक दिवस बाहेरचा ठेव. सुरुवात माझ्याकडूनच कर. पेरणीआधी आमच्या गावात घरच्या सोयाबीनची उगवण तपासायची आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती उगवले ते मोजायचे. सत्तरच्या खाली आले तर बियाणं वाढवून पेरा, आणि फारच कमी आले तर ते पेरूच नका, असं घरोघर जाऊन सांगावं लागेल. एकट्याने मला होत नाही. दोन-तीन दिवसांच्या बेताने ये, मुक्काम आमच्याकडेच. निघताना फोन कर, स्टँडवर घ्यायला येतो.

तुझा,
सर