प्राण्यांच्या शेल्टरला दरमहा देणगी द्यायची आहे, संस्था पैसे नीट वापरते का हे कसं तपासू?

तुम्ही म्हणताय की पुण्याजवळच्या एका कुत्र्या-मांजरांच्या शेल्टरला दरमहा दोन हजार द्यायचेत, इन्स्टावर काम जोरात दिसतंय पण आतली खात्री नाही. मी सीए ऑफिसात ट्रस्टांची ऑडिटं करतो, त्यात प्राण्यांच्या संस्थाही असतात, म्हणून सांगतो.

पहिलं म्हणजे ८०जी आहे ऐकून निर्धास्त होऊ नका. ते काही कॅरेक्टर सर्टिफिकेट नाही, तुम्हाला टॅक्समध्ये सवलत मिळते एवढंच, तीही जुन्या रिजीममध्ये, आणि रोख दोन हजारांच्या वर दिलेत तर तीही नाही. हां, पैसे कुठे जातायत ते मात्र बघा. क्यूआर स्कॅन केल्यावर ट्रस्टच्या नावाऐवजी कोणा ताई-दादाचं नाव आलं तर तिथेच थांबा. आपल्याकडे ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेला असतो, नोंदणी नंबर बिनधास्त मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर शोधा. संस्था सेक्शन ८ कंपनी (म्हणजे नफा न वाटणारी कंपनी) असेल तर तिचे ताळेबंद एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या, साइटवर शंभर रुपये भरून बघता येतात.

मग मागच्या तीन वर्षांचे ऑडिटेड हिशोब मागा. त्यात शेड्युल नऊ म्हणजे उत्पन्न-खर्चाचं पत्रक असतं. गंमत अशी की त्या छापील नमुन्यात उद्दिष्टांवरच्या खर्चाला धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना मदत असे रकाने आहेत, जनावरांना वेगळा रकानाच नाही, त्यामुळे सगळं ‘इतर धर्मादाय उद्दिष्टे’ मध्ये एका आकड्यात बसतं. त्या एका आकड्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. त्याची फोड मागायची: खाद्य किती, औषधं किती, डॉक्टर, अँब्युलन्स, केअरटेकरचे पगार किती.

आणि ही फोड जनावरांच्या संख्येशी लावून बघायची, खरी परीक्षा इथेच आहे. समजा संस्था म्हणते आमच्याकडे कायम १२० कुत्री असतात. एका कुत्र्याला दिवसाला ४० रुपये धरा, म्हणजे वर्षाचे साडेसतरा लाख नुसते खाण्याचे. पत्रकात खाद्यखर्च सहा लाख असेल तर एक तर कुत्री तेवढी नाहीत, किंवा तांदळाची पोती आणि हॉटेलचं उरलेलं फुकट येतंय (हे बऱ्याच ठिकाणी खरंच असतं, मग त्या वस्तूरूप देणगीची नोंद दाखवा म्हणावं), किंवा मग कुत्री उपाशी आहेत. चौथं उत्तर मला तरी माहीत नाही.

‘आमच्याकडे पगारावर एक पैसा जात नाही’ असं अभिमानाने सांगणारी संस्था मला जास्त खटकते. शंभर जनावरांची घाण सकाळी सहाला कोण काढतं मग? परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्के केली, पण तिथेही दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय धरत नाहीत, तो कामाचाच खर्च. तेव्हा पगार दिसला म्हणून नाक मुरडू नका, तो कोणाला जातोय ते बघा. ट्रस्टींच्या मानधनाची ओळ पत्रकात वेगळी असते.

ताळेबंदात जमीन-शेड बघा आणि सातबारा कोणाच्या नावावर आहे ते सरळ विचारा. देणग्यांतून पत्र्याची शेड, कुंपण, बोअर सगळं उभं राहतं आणि जमीन निघते ट्रस्टीच्या मेव्हण्याची, भाडेकराराचा पत्ता नाही! संस्थेच्या नावावरची जागा विकायला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, मेव्हण्याला ती लागत नाही.

नसबंदीचं काम करत असतील तर २०२३ च्या नियमांप्रमाणे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची प्रकल्पाला मान्यता लागते, ते पत्र मागा. आणि पालिका दर कुत्र्यामागे पैसे देत असेल तर त्याच ऑपरेशनसाठी तुमच्याकडूनही घेतायत का हेही विचारा, जरा अवघड वाटेल पण विचारा.

आता हिशोबाच्या वहीत कधीच न दिसणारी गोष्ट, आवक-जावक रजिस्टर. कुठून आणलं, काय झालं होतं, दत्तक गेलं, परत सोडलं की मेलं. मी पाहिलेल्या एका चांगल्या रजिस्टरमध्ये पार्वोच्या (पिल्लांना मारणारा विषाणूचा रोग) साथीत पानभर पिल्लांपुढे लाल पेनाने ‘मृत’ लिहिलेलं होतं, तारखेसकट, आणि खाली डॉक्टरची सही. वाचून पोटात कालवलं, पण मला त्या संस्थेवर विश्वास बसला तो त्या पानामुळे. रस्त्यावरची, अपघातातली जनावरं घेणाऱ्या जागी मृत्यू होतातच, आणि ‘आमच्याकडे एकही दगावत नाही’ म्हणणारे एक तर लिहीत नाहीत किंवा गंभीर केस घेत नाहीत. जनावर तर तक्रार करायला येणार नाही ना.

छोट्या संस्थांची कागदपत्रं गबाळी असतात हेही खरं. एक बाई, दोन पोरं, आणि ऑडिट दरवर्षी उशिरा. त्यांना चोर समजू नका, उशीर का झाला विचारा, सरळ उत्तर येतं का बघा. हिशोब मागितल्यावर ‘तुम्हाला मुक्या जीवांची किंमत नाही’ वगैरे सुरू झालं तर मात्र मी देत नाही.

ऑटो-डेबिट एवढ्यात लावू नका. एक-दोन महिने हाताने पाठवा, पावती आपणहून येते का बघा, आणि एकदा जाऊन या. रविवारी नको, तेव्हा व्हॉलंटियर आलेले असतात आणि सगळं धुवून-पुसून ठेवलेलं असतं, मंगळवार-बुधवार दुपारी जा. साथ चालू असेल तर पिल्लांच्या खोलीत सोडणार नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तो बरोबरच नियम आहे.