जुन्या पद्मिनीचे ब्रेक : सुटे भाग बदलण्याआधीची तपासणी

चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे ब्रेक पेडल खोल जाते, एवढ्यावरून थेट मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग) बदलायला घेऊ नका. गाडी उभी असताना पेडल दोन-तीनदा भरभर दाबा. ते वर येऊन घट्ट लागले, तर बहुधा ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) ड्रमपासून लांब गेलेले असतात व ॲडजस्टमेंट पुरते. वर येऊनही ते मऊ लागत असेल, तर लाइनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्यांत, हवा आहे. मात्र पाय स्थिर दाबून धरला असताना पेडल हळूहळू खाली सरकत राहिले आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी सील दाब धरत नाही, असे समजावे. गळती नाही हे मात्र ड्रम काढून, व्हील सिलिंडरचे (चाकातील शू ढकलणाऱ्या भागाचे) रबरी बूट उचलून पाहिल्याशिवाय मान्य करू नका.

नवशिके सर्वाधिक फसतात ते चाक जाम राहते तेव्हा. गाडी जॅकवर न सोडता स्टँडवर टेकवा आणि अडलेल्या चाकाचा ब्लीडर निपल (लाइनमधील हवा व ऑइल बाहेर सोडण्याचा स्क्रू) किंचित सैल करा. ब्रेक ऑइल जोरात बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब लाइनमध्येच अडकलेला होता : त्रास पुढच्या एकाच चाकाला असेल, तर त्याचा रबरी होज (ब्रेक ऑइलची लवचीक नळी) आतून फुगलेला असण्याची शक्यता मोठी, चारही चाकांना असेल, तर पुशरॉडची (पेडलकडून मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या दांडीची) मोकळीक आणि मास्टर सिलिंडरचे ऑइल परतीचे छिद्र तपासावे. निपल सोडूनही चाक अडलेलेच राहिले, तर दोष व्हील सिलिंडर, शू किंवा मागच्या चाकांत हँडब्रेकच्या केबलमध्ये शोधावा.