घरचं रिंगण : वाळूच्या आधी काय?

घोडा पाळणाऱ्या वाचकांची या वेळची बहुतेक पत्रं घरच्या शेतात रिंगण बांधण्याबद्दल आहेत. बहुतेकांची चौकशी वाळूपासून सुरू होते. उत्तरं मात्र आम्हाला जमिनीपासून आणि पाण्यापासून द्यावी लागली आहेत.

प्रश्न : आमची १२ गुंठे मोकळी जागा आहे, जमीन काळी. तिथे २० मीटर बाय ६० मीटरचं रिंगण करायचं आहे. ठेकेदार म्हणतो, वर मुरूम टाकू, रोलर फिरवू आणि वाळू पसरू. एवढं पुरेल का? (शिरूर)

उत्तर : २० बाय ६० म्हणजे १२०० चौरस मीटर. तेवढ्यानेच तुमचे १२ गुंठे भरतात, म्हणून ते तिथे बसत नाही. चर, कुंपण आणि कडेने ट्रॅक्टर जायची वाट यांना जागाच उरत नाही. २० बाय ४० करा. ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं) लहान रिंगण याच मापाचं असतं आणि घरच्या एक-दोन घोड्यांना ते पुरतं. चारही बाजूंना तीन-तीन मीटर सोडले की २६ बाय ४६, म्हणजे पावणेबारा गुंठे होतात. अर्थात जागा लांबट चौकोनी असेल तरच.

आता ठेकेदाराचं म्हणणं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम टाकला तर पहिल्याच पावसाळ्यात तो चिखलात दाबला जातो. पुढच्या उन्हाळ्यात खाली भेग पडते आणि वरची वाळू त्या भेगेत उतरते. मग दरवर्षी वाळू कमी पडते आणि ती जाते कुठे ते कळत नाही.

उलट चूक करणारेही पुष्कळ आहेत. ते तीन फूट माती उकरतात आणि त्यात मुरूम भरतात. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, त्यामुळे हा खड्डा हौद होऊन बसतो. रिंगण जमिनीत पुरायचं नाही, जमिनीच्या वर उचलायचं.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा. २२ बाय ४२ मीटर जागेतली वरची ३० सेंटीमीटर माती काढा. रिंगणापेक्षा चारही बाजूंना एक मीटर जास्त घेतलं की कडा ढासळत नाही. काढलेली माती शेतात पसरा, ती सोन्यासारखी असते. तळ सपाट ठेवू नका, त्यालाच रुंदीच्या दिशेने शंभरात एक असा उतार द्या, म्हणजे २२ मीटरला २२ सेंटीमीटर. तळाला उतार दिला नाही आणि फक्त वर दिला, तर मुरलेलं पाणी आतच थांबतं. तळावर न विणलेलं, चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. जोडावर एक फूट एकावर एक येऊ द्या. कापड साधारण १०५० चौरस मीटर लागेल. माती आणि मुरूम यांना कायमचं वेगळं ठेवणं, एवढंच त्याचं काम. पैसे वाचवायला लोक नेमकं हेच गाळतात, आणि नंतर ते घालता येत नाही.

कापडावर कडक मुरूम १५ सेंटीमीटरच्या दोन थरांत टाका आणि प्रत्येक थर पाणी मारून ८ ते १० टनी रोलरने दाबा. एकदम फूटभर टाकला तर रोलर फक्त वरचा भाग दाबतो. मुरूम मुठीत घट्ट धरून सोडला की ढेकूळ राहावं आणि बोटाने दाबताच त्याचे दोन तुकडे व्हावेत, एवढा ओलावा हवा. दाबल्यावर ३० सेंटीमीटर भरायला ९८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागतो. दाबताना तो बसतो, म्हणून १२० ते १२५ ब्रास मागवा. गाडीबरोबर गौण खनिजाची पावती मागून घ्या, ती नसेल तर त्रास तुम्हालाही होतो. मुरुमावर २० मिलिमीटरपासून कचीपर्यंत (दगड भरडताना निघणाऱ्या बारीक चुऱ्यापर्यंत) सगळे आकार मिसळलेल्या खडीचा थर टाका. तो दाबून १० सेंटीमीटर भरायला हवा. त्यासाठी सुटी खडी ४० ते ४२ ब्रास पुरेल. एकाच मापाची ४० मिलिमीटर खडी घेऊ नका, ती एकमेकांत बसत नाही आणि सहा महिन्यांत वाळूतून डोकं वर काढते.

पाण्याची लेव्हल घेऊन दर पाच मीटरवर उंची मोजा. चाळीस-पंचेचाळीस जागा मोजाव्या लागतील, पण कंटाळा करू नका. एक सेंटीमीटरहून जास्त फरक निघाला तर तिथेच पुन्हा काम करून घ्या. भरलेली ट्रॉली फिरवल्यावर चाकाचा ठसा उमटता कामा नये.

आणि इथे थांबा. खोदाई माघ-फाल्गुनात सुरू करा, पाया चैत्र-वैशाखात संपवा आणि एक पावसाळा त्यावरून जाऊ द्या. पाणी कुठे साचतं, कुठे खचतं ते उघड्या पायावर स्पष्ट दिसतं आणि तेव्हा दुरुस्ती स्वस्त असते. वाळू दिवाळीनंतर. पाच सेंटीमीटरने सुरुवात करा, म्हणजे १४ ब्रास. घोडा फिरवून बघा आणि कमी वाटली तरच वाढवा. साडेसात सेंटीमीटरच्या, म्हणजे २१ ब्रासच्या पुढे जायची गरज सहसा पडत नाही. वाळू वाढवता येते, पण पसरलेली काढायची म्हणजे मजुरी दुप्पट.

प्रश्न : गेल्या वर्षी डोंगरउतारावर रिंगण केलं. घोड्याला मऊ लागावं म्हणून सहा इंच वाळू टाकली. आता घोडा दहा मिनिटांत दमतो आणि पुढच्या पायाला नळीच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) मागे सूज आहे. पावसात एका बाजूला चिखलही होतो. (मुळशी)

उत्तर : आधी घोड्याचं बघा. नळीच्या मागे सूज म्हणजे कंडरेला (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला) इजा झाली असण्याची शक्यता धरून चाला. त्याला काम देणं आजच बंद करा, दिवसातून दोन-तीनदा १५-२० मिनिटं पायावर गार पाणी सोडा आणि पशुवैद्यांना बोलवा. सूज उतरली म्हणून स्वार होऊ नका. कंडरा आतून भरायला महिने लागतात.

मऊ जमीन घोड्याला चांगली, हा समज अर्धाच खरा आहे. जमीन कडक असेल तर हादरे हाडांना आणि सांध्यांना बसतात. फार खोल असेल तर प्रत्येक पावलाला खूर रुतून मागे सरकतो आणि कंडरा गरजेपेक्षा जास्त ताणली जाते. दुडकी चालीत खुराचा ठसा स्पष्ट दिसावा, दोन-तीन सेंटीमीटर खोल असावा आणि त्याची कड उभी राहावी. ठसा लगेच बुजत असेल किंवा अख्खा खूर वाळूत दिसेनासा होत असेल, तर वाळू जास्त आहे किंवा फार कोरडी आहे. तुमच्याकडे निम्म्याहून जास्त वाळू काढायची आहे. काढलेली ताडपत्री घालून ठेवा, पुढे भर घालायला कामी येईल.

वाळू काढताना आठ-दहा ठिकाणी पायापर्यंत खणून बघा. वाळू आणि खडी यांची रेघ स्वच्छ दिसली तर पाया शाबूत आहे. माती वर आलेली दिसली, तर तेवढा भाग उकरून कापड आणि खडी नव्याने घालण्यावाचून इलाज नाही. वरून वाळू टाकून चिखल झाकला तर तो पुढच्या पावसाळ्यात दुप्पट होऊन परत येतो.

चिखल डोंगराच्या बाजूलाच असेल, तर ते पाणी रिंगणावर पडलेलं नाही, ते वरून उतरतंय. मुळशीच्या पावसात रिंगणाचा स्वतःचा उतार वरून येणाऱ्या पाण्याला पुरा पडत नाही. वरच्या अंगाला, रिंगणाच्या कडेपासून दोन मीटर सोडून, ४५ सेंटीमीटर रुंद आणि ६० ते ७५ सेंटीमीटर खोल चर खणा. त्यात कापड अंथरा, ११० मिलिमीटरचा भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप शंभरात एक उताराने टाका, वर २० ते ४० मिलिमीटर खडी भरा आणि कापड गुंडाळून झाका. पाइपाचं तोंड रिंगणाच्या खालच्या बाजूला, दूर उघडं सोडा. दर जूनच्या आधी ते मोकळं आहे का ते पाहा. बुजलेल्या तोंडाचा चर म्हणजे पाणी साठवायची टाकीच.

प्रश्न : इथे नदीची वाळू, क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि कच असं तिन्ही मिळतं. यातलं रिंगणाला कोणतं? (फलटण)

उत्तर : धुतलेली क्रश सँड, तीही प्लास्टरसाठी चाळतात ती, २.३६ मिलिमीटरपर्यंतची. काँक्रीटच्या क्रश सँडमध्ये पावणेपाच मिलिमीटरपर्यंतचे खडे असतात आणि नाल नसलेल्या घोड्याच्या तळव्याला ते टोचतात. नदीच्या वाळूचे कण गोल असतात, ते पायाखाली बेअरिंगसारखे घरंगळतात आणि वळणावर घोडा घसरतो. शिवाय ती कायदेशीर पावतीसह मिळणंही अवघड झालंय. कच स्वस्त, पण तिच्यात भुकटी फार. ओली झाली की लगदा, वाळली की फरशी आणि मध्ये नुसता धुरळा.

‘धुतलेली’ या शब्दावर विश्वास ठेवू नका, तपासा. सरळ काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी आणि चमचाभर मीठ घाला. जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूच्या वर गाळाचा वेगळा थर बसेल. १० सेंटीमीटर वाळूवर गाळ अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त असेल तर ती गाडी परत पाठवा. बांधकामाला चालणारी वाळू रिंगणाला चालेलच असं नाही. ही तपासणी पहिल्या गाडीची नव्हे, प्रत्येक गाडीची करायची.

आपल्याकडची क्रश सँड काळ्या दगडाची, कण धारदार. घोडा तिच्यावर घट्ट उभा राहतो, पण खूर लवकर झिजतो. नाल नसेल तर दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंदाला खूर दाखवा.

प्रश्न : एप्रिलमध्ये इतकी धूळ उडते की घोडा खोकतो. वाळूत मीठ टाकलं तर ओल टिकते असं ऐकलं. (बार्शी)

उत्तर : मीठ टाकू नका. खुरांची ओल ते ओढून घेतं, कुंपणाचे पाइप गंजवतं आणि पहिल्या पावसात वाहून शेजारच्या शेतात जातं. मिठातल्या सोडियममुळे काळ्या जमिनीचा पोत बिघडतो आणि ती वर्षानुवर्षं सुधारत नाही.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. २० बाय ४० च्या रिंगणाला चार-पाच मिलिमीटर द्यायचं तर ३२०० ते ४००० लिटर लागतं, म्हणजे रोजचा एक लहान टँकर. उन्हाळ्यात एवढं पाणी नसेल, तर त्या महिन्यांत रोज अर्धंच रिंगण वापरा आणि तेवढंच भिजवा. पाणी सकाळी मारून उपयोग नाही, दुपारपर्यंत उडून जातं. सूर्य कलल्यावर मारा, रात्रभर ते वाळूत खाली उतरतं आणि पहाटे जमीन उत्तम असते.

ओल धरायला कोकोपीट चालतं. पाच किलोची वीट भिजून साधारण ६५ ते ७० लिटर होते. २० बाय ४० ला ६० विटा भिजवून, पसरून, वरच्या वाळूत मिसळा. यापेक्षा जास्त नको, पावसात घसरण होते. दोन-तीन पावसाळ्यांत ते कुजतं, मग पुन्हा घालावं लागतं. लाकडाचा भुसा आणि भाताचं तूस मात्र टाळा, दोन्ही कुजून स्वतःच धूळ होतात. आणि लीद लगेच उचला. धुळीचा मोठा वाटा वाळलेल्या, तुडवलेल्या लिदीचा असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

प्रश्न : रिंगण सारखं करायला घरचा कुळव चालेल का? (दौंड)

उत्तर : नाही. कुळवाची फास पाच सेंटीमीटर वाळूतून थेट खडीला लागते, आणि एकदा पाया ओरबाडला की खडी वर येतच राहते. कुंपणाची साखळी-जाळी दोन मीटर रुंद घ्या, मागे लाकडी ओंडका बांधा आणि लहान ट्रॅक्टरने किंवा मोटारसायकलने ओढा. दर वेळी दिशा बदला. कडेच्या वाटेवरची वाळू खुरांनी बाहेर फेकली जाते. ती आठवड्यातून एकदा फावड्याने आत ओढून घ्यावी लागते, जाळीने ते होत नाही.

प्रश्न : कुंपण कसं असावं? काटेरी तार चालेल का? (निफाड)

उत्तर : काटेरी तार अजिबात नको. तारेत अडकलेला घोडा शांत उभा राहत नाही, उसळतो. उंची १.२ ते १.३५ मीटर ठेवा. खांब निलगिरीच्या बल्ल्यांचे किंवा दोन इंची जीआय पाइपाचे, अडीच मीटरवर एक, म्हणजे २० बाय ४० ला ४८. प्रत्येक खांब दोन फूट जमिनीत. खांब बाहेरच्या अंगाला आणि आडवे दांडे आतल्या अंगाला लावा, म्हणजे स्वाराचा गुडघा खांबावर आपटत नाही. तळाला २५-३० सेंटीमीटरची फळी लावली की वाळू आत राहते. फाटक बारा फुटी, बाहेर उघडणारं. कडी आत डोकावणारी नसावी.

प्रश्न : सारंगखेड्याच्या बाजारातून दोन वर्षांचं मारवाडी शिंगरू आणलं आहे. सध्या फक्त काव्यावर (लांब दोरीवर गोल) फेरायचं आहे, जागा चारच गुंठे. (शहादा)

उत्तर : कावा द्यायला गोल रिंगण करा, व्यास १८ मीटर. वाळूची जागा अडीच गुंठे होते आणि उरलेल्यात चर बसतो. पंधरा मीटरच्या आत जाऊ नका, लहान वळणावर कोवळ्या सांध्यांवर सतत एका बाजूचा ताण येतो. त्याच कारणाने दोन्ही हातांवर, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे, सारखं फेरा आणि या वयात एका वेळी दहा-बारा मिनिटांवर थांबा. पाया वर सांगितल्यासारखाच, फक्त उतार मध्यापासून बाहेर चहूकडे, नऊ मीटरला नऊ सेंटीमीटर. वाळू पाच सेंटीमीटरच, साडेचार ब्रास पुरते. चारा तिथे टाकू नका. वाळूवरचा चारा खाताना वाळू पोटात जाते आणि पोटशूळ होतो. दाणा-वैरण नेहमी ठाणावर, गव्हाणीत.