झाडांचे प्रश्न : मोहोर मागेपुढे का होतो?

प्रश्न : सप्रेम नमस्कार बाई. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, आजोबांनी लावलेली. अलीकडे मोहोर एकदम न येता दोन-तीन टप्प्यांत येतो. पहिला ढगाळ हवेत करप्याने जातो आणि मार्चच्या उन्हात सुपारीएवढी फळं गळतात. मी म्हणतो, हवामान बदललंय आणि ते माणसाने बदललंय. काका म्हणतात, "पृथ्वी कधी तापते, कधी निवते. कारखाने नव्हते तेव्हाही दुष्काळ पडतच होते." बरोबर कोण?
– एक बागायतदार, ता. देवगड

उत्तर : काका सांगतात ते चक्र खरंच आहे. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल हळूहळू बदलतो, त्यामुळे हिमयुगं आली आणि गेली. पण त्या फेऱ्याला हजारो वर्षं लागतात. आत्ताची गोष्ट वेगळी आहे. १८५०–१९०० च्या सरासरीशी ताडून पाहिलं, तर २०११–२०२० या दशकात पृथ्वी सुमारे १.१ अंश सेल्सिअसने जास्त तापलेली होती. निसर्गाच्या त्या चक्राच्या मानाने हा वेग फार मोठा आहे. उद्योगयुगाआधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. अंटार्क्टिकाच्या जुन्या बर्फात अडकलेली हवा तपासली, तर त्याआधीच्या आठ लाख वर्षांत हा आकडा ३०० च्या फारसा वर कधीच गेलेला दिसत नाही.

काका पुढे विचारतील, हा वायू माणसाचाच कशावरून, ज्वालामुखीचा का नाही? इथे झाडंच साक्ष देतात, आणि वनस्पतिशास्त्र शिकवताना हा भाग मी कधीच घाईने उरकला नाही. कार्बन तीन वजनांचा असतो : १२, १३ आणि १४. पान हवेतून कार्बन घेताना हलका, म्हणजे १२ वजनाचा, जास्त उचलतं. दगडी कोळसा आणि खनिज तेल हे प्राचीन जीवांचे अवशेष, म्हणून त्यांच्यातही १३ चं प्रमाण कमी. शिवाय १४ चा कार्बन साधारण ५,७३० वर्षांत निम्मा होतो, त्यामुळे कोट्यवधी वर्षं जमिनीत राहिलेल्या कोळशात तो उरतच नाही. आता असं इंधन जाळलं तर हवेतलं १३ आणि १४ या दोन्हींचं प्रमाण घटायला हवं. झाड त्या त्या वर्षाच्या हवेतूनच आपलं लाकूड घडवतं, तेव्हा ही घट खोडाच्या वलयांत उतरायला हवी. तशीच ती उतरली आहे. हान्स सूस या शास्त्रज्ञाने लाकडातली १४ ची घट १९५५ सालीच दाखवून दिली, आणि १३ ची घट एकोणिसाव्या शतकापासूनच्या वलयांत वाचता येते. ज्वालामुखीच्या वायूतही १४ नसतो, पण त्यात १३ इतका कमी नसतो. त्यामुळे हा माल कुठून आला याबद्दल शंका उरत नाही.

सूर्याचंही सांगते. सूर्य जास्त तळपत असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्यावरचा स्थितांबर थंड होतोय. उष्णता खालीच अडकली की असंच होतं. माणसामुळे पृथ्वी तापली हे निःसंशय आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीने (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात स्वच्छ लिहिलं. तेव्हा मूळ मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात.

आता तुमच्या बागेकडे येऊ. हापूसला मोहोर फुटायला दोन गोष्टी लागतात : पावसानंतर जमिनीला बसलेला ताण आणि गार रात्री. पाऊस नोव्हेंबरात रेंगाळला की मुळांना ओल मिळत राहते आणि काडीच्या टोकाला मोहोराऐवजी पालवी येते. थंडी तुकड्यातुकड्याने पडली की मोहोरही तुकड्यातुकड्याने येतो. फळं धरल्यावर पुन्हा गारवा आला की त्याच फांदीवर पुनर्मोहोर येतो, अन्न तिकडे वळतं आणि आधीची कणी, म्हणजे नुकती धरलेली बारीक फळं, गळते. ढगाळ दमट हवेत तुडतुडे आणि करपा फोफावतात. मार्चमध्ये पारा चढला की फळ गळतं, राहिलेलं भाजतं, आणि कातळाच्या धगीने आत साका होतो, म्हणजे गर पांढरट, स्पंजासारखा होतो. त्यात वादळं. जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात सुपारी, नारळ, आंबा आडवा केला. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा तर आंबा झाडावर होता.

तरीही एका वाईट हंगामावर बोट ठेवून "हा हवामानबदल" असं म्हणू नका. हापूस मुळातच एक वर्षाआड धरणारं झाड आहे. मोहोर लवकर यावा म्हणून वर्षानुवर्षं दिलेलं पॅक्लोब्युट्राझॉल हे संजीवक, एकामागून एक फवारण्या, दाटलेल्या बागा, हेही झाडाला थकवतं. हे आपल्या हातात आहे, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते, कारण थकलेलं कलम बदलत्या हवेचा मार आणखी सोसू शकत नाही. संजीवकाची मात्रा झाडाच्या विस्ताराच्या मापानेच द्या, वाढवू नका. उन्हाळ्यात बुंध्याभोवती वाळल्या गवताचं आच्छादन टाका, म्हणजे जमिनीची धग फळापर्यंत कमी पोहोचेल. नव्या लागवडीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रत्ना आणि सिंधू या साका न होणाऱ्या जातींची काही कलमं लावा.

आणि पहिला मोहोर, पहिली पालवी, पहिली तोडणी यांच्या तारखा दरवर्षी लिहून ठेवा. जपानमध्ये क्योतोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी बाराशे वर्षांच्या आहेत, म्हणूनच २०२१ चा २६ मार्चचा बहर तोवरच्या सगळ्यांत लवकरचा हे कळू शकलं. आजोबांच्या वह्या घरात असतील तर काकांनाच शोधायला सांगा.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइडवर झाडं वाढतात. मग तो वाढला तर चांगलंच नाही का?
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : थोडंफार खरं आहे. जास्त कार्बन डायऑक्साइड मिळाला की पान जोमाने अन्न तयार करतं. पण तेवढ्यावर झाड वाढत नाही. पाणी आणि नत्र कमी पडलं की हा फायदा तिथेच थांबतो. हवा तापून कोरडी झाली की झाड पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रं मिटून घेतं, मग बाहेर वायू कितीही असो, आत जात नाही. ताण आणखी वाढला तर खोडातल्या पाण्याच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे होतात, शेंड्याकडचं पाणी तुटतं आणि झाड वरून वाळत येतं.

किडींचा हिशोब वेगळाच. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात पाइनची साल पोखरणारे भुंगेरे पूर्वी कडाक्याच्या थंडीत मोठ्या संख्येने मरत. हिवाळे सौम्य झाले, भुंगेरे तगले, आणि १९९० च्या दशकाच्या शेवटापासून सुमारे १.८ कोटी हेक्टर जंगलाला त्यांची झळ बसली. तिथली मेलेली झाडं आता कार्बन शोषत नाहीत. कुजताना आणि वणव्यात जळताना ती तो परत हवेत सोडतात.