कोर्टात न येता फारकत: बाँड पेपरवर सही करण्याआधी

प्रिय बाबू,

दोघांचं मन पक्कं आहे, देण्याघेण्यावरून वाद नाही, आणि पुण्याची नोकरी सांभाळून दर तारखेला गावाकडे येणं तुला जमत नाही. कोर्टात न येता फारकत, म्हणजे घटस्फोट, होते का, असं तू विचारलंस. तुझ्या फेऱ्या बऱ्याच वाचतात, पण कोर्ट वाचत नाही.

आपल्याकडे चार माणसं बसवून पाचशेच्या बाँडवर सोडचिठ्ठी लिहितात, वर नोटरीचा शिक्का मारतात आणि सुटलो समजतात. कायद्यानं लग्न तसंच उभं असतं. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भोगतो कोण? ती दुसरी पोरगी आणि तिची लेकरं. जातीतली फारकतीची जुनी रूढी कायदा मानतो, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते. गोंड, कोरकू अशा आदिवासी समाजाला हिंदू विवाह कायदा सरसकट लागू नाही, त्यांची वाट वेगळी.

तुमची वाट म्हणजे त्या कायद्याचं कलम १३-ब, परस्पर संमती. बौद्ध पद्धतीनं लागलेल्या लग्नालाही हेच कलम. अर्ज दोघांचा मिळून एकच, आणि तो दाखल होईल त्या दिवशी तुम्ही किमान १ वर्ष वेगळे राहत असायला पाहिजे. वेगळं झाल्याची तारीख अर्जात एक, शपथपत्रात दुसरी आणि जुन्या खावटीच्या (पोटगीच्या) अर्जात तिसरी, असं झालं की न्यायाधीश तिथंच थांबतात. नावाचंही तसंच. तिच्या टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, तर अर्जाच्या मथळ्यातच ‘ऊर्फ’ लावून दोन्ही लिहा. हुकूमनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या आदेशात, जे नाव येईल तेच पुढं तिला सगळीकडे दाखवावं लागेल.

आता तुझ्या न येण्याचं. भावाला किंवा वडिलांना याच प्रकरणापुरतं खास मुखत्यारपत्र करून दे. शेतीच्या व्यवहारासाठी केलेलं जुनं चालणार नाही. त्यावर ते अर्ज दाखल करतील, तारखा बघतील. संमतीचा जबाब मात्र तुझ्याच तोंडून हवा, असंच बहुतेक न्यायाधीश म्हणतात, आणि त्यात चूक नाही. संमती जबरदस्तीनं किंवा फसवून घेतलेली नाही, याची खात्री करणं कलम २३ नं त्यांच्यावर टाकलंय. त्यासाठी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची परवानगी मागणारा वेगळा अर्ज दे, सोबत नोकरीचं पत्र जोड. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर निकालात व्हिडिओची आणि आईवडील किंवा भावंडांमार्फत हजर राहण्याची, दोन्हींची मुभा आहे. पण ती देणं न्यायाधीशांच्या हातात असतं, म्हणून एका फेरीची रजा राखून ठेव. जबाबाच्या वेळी खोलीत एकटाच बस. बाजूला कोणी कुजबुजलं तरी शंका येते.

पहिल्या अर्जानंतर ६ महिने थांबावं लागतं. वेगळं राहून दीड वर्ष झालं असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील, पोटगी आणि लेकराचा ताबा ठरला असेल, तर त्याच अमरदीप सिंग निकालाच्या आधारे ही मुदत माफ करून मागता येते. उलट, पहिल्या अर्जापासून १८ महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा दोघांनी मिळून मागणी केली नाही, तर सगळं नव्यानं.

सगळ्यात जास्त प्रकरणं बिघडतात ती पैशावर. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून सगळी रक्कम आधीच देऊ नको, आणि तिनंही नुसत्या शब्दावर शेवटचा जबाब देऊ नये. अर्धी पहिल्या जबाबाला, अर्धी शेवटच्या जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टनं, ड्राफ्टचा नंबर कोर्टाच्या कागदावर. तिला शेत द्यायचं ठरलं असेल तर सर्व्हे नंबर आणि क्षेत्र तडजोडीच्या अटींत लिही. दस्त नोंदवून फेरफार होईपर्यंत सातबारा तुझ्याच नावावर राहतो, आणि तिच्या हाती काहीच नसतं. दागिने, भांडी, कपाट यांची यादी करून पोच घे. लेकराचा खर्च आईनं सोडून दिला असं लिहून घेऊ नको. तो हक्क लेकराचा आहे, कोर्ट ते मानत नाही.

निकाल लागला की हुकूमनाम्याच्या ४ प्रमाणित प्रती काढ. रेशनकार्ड, आधार यांत नाव बदलताना त्या लागू शकतात. पीएफ आणि विम्यावरचं नामनिर्देशन त्या हुकूमनाम्यानं बदलत नाही, ते त्याच आठवड्यात स्वतः बदलून घे.